‘धोका दुप्पट’ लिहिण्यापूर्वी

सार्वजनिक सुरक्षेच्या बातम्या तुम्ही नुकत्याच हाताळू लागला आहात, म्हणून आग्रहाने सांगतो: ‘धोका दुप्पट’ असा मथळा देण्यापूर्वी मूळ धोका किती होता, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा दिला आणि माध्यमांनी तेवढाच शब्द उचलून धरला. प्रत्यक्षात सुमारे ७००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना हा त्रास संभवत होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात हजारोंनी वाढले. खुद्द गर्भारपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा अधिक असतो, ही बाब मला आजही अस्वस्थ करते.

गुन्ह्यांच्या बातम्यांतही हेच घडते. आठवड्यात तीन घरफोड्या झाल्या की ‘घरफोड्यांचे सत्र’ लिहायला हात शिवशिवतो, पण गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा आधी शेजारी ठेवून पाहा.

याचा अर्थ खरा धोका सौम्य करून लिहावा, असा मुळीच नव्हे. पुराचे पाणी चढत असेल तर कोणत्या वस्तीने, किती वाजेपर्यंत, कुठे हलायचे हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवे. ‘हाहाकार’ या शब्दाने त्यातले काहीच कळत नाही. आणि आदल्या दिवशीची दृश्ये दाखवत असाल, तर त्यांवर तारीख आणि वेळ ठळकपणे टाका.