बोर्ड हँग होतो, प्रिंटएफ टाकला की चालतो

प्रश्न : मॅडम, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी फर्मवेअर लिहितो. कॉर्टेक्स-एम४ या आर्मच्या ३२ बिटी प्रोसेसरचा बोर्ड आहे. यूआर्टचा (सिरियल पोर्टचा) इंटरप्ट हँडलर, म्हणजे डेटा आला की हार्डवेअर मधेच चालवतं ते फंक्शन, मेसेज बफरमध्ये भरतो, लांबी लिहितो आणि शेवटी ‘तयार’ हा फ्लॅग १ करतो. मेन (मुख्य फंक्शन) त्या फ्लॅगची वाट बघत लूपमध्ये थांबलेला असतो. ओ-झिरोला (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद) बिनतक्रार चालत होतं. फ्लॅश पुरेना म्हणून ओ-टू (ऑप्टिमायझेशन चालू) लावलं, तर बोर्ड पहिल्याच मेसेजला हँग! लूपमध्ये प्रिंटएफ (मजकूर छापणारं फंक्शन) टाकला की चालू. साहेब म्हणतात, कंपायलर खराब आहे, ओ-झिरोवरच माल पाठवू. पाठवू का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : नका पाठवू. आणि कंपायलरला नावं ठेवण्याआधी ऑब्जडंप (तयार झालेल्या मशीन कोडची यादी) काढून साहेबांसमोर ठेवा. ‘तयार’ मेमरीतून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या खणात) आणणारी एलडीआर इन्स्ट्रक्शन एकदाच दिसेल, तीही लूपच्या वर. शून्याशी तुलना एकदाच. खाली एकटी ‘बी’, स्वतःच्याच पत्त्यावर उडी मारणारी. इंटरप्ट येतो, मेमरीत १ लिहून जातो, पण तिकडे ढुंकून बघायला कोणी नाही. दूधवाला आला का म्हणून पहाटे एकदा दार उघडायचं आणि मग दार लावून दुपारपर्यंत ‘आला नाही’ म्हणत बसायचं, तसला प्रकार.

कंपायलरने नियम मोडलेला नाही. त्या लूपमध्ये ‘तयार’ बदलणारी एकही ओळ नाही. हँडलरला तुमचा कोड कुठूनच कॉल करत नाही, ते काम हार्डवेअरचं, आणि हार्डवेअर मधेच घुसणार हे तुम्ही कंपायलरला सांगितलेलंच नाही. प्रिंटएफचं गौडबंगालही इथेच आहे. त्या फंक्शनच्या पोटात काय चाललंय हे कंपायलरला दिसत नाही. न जाणो, त्या फंक्शननेच ‘तयार’ बदलला असेल, म्हणून परतल्यावर तो मेमरी नव्याने वाचतो. दुसऱ्या फाइलमधल्या तुमच्याच एखाद्या फंक्शनमुळे असं निभावत असेल, तर एलटीओ (लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन) चालू केल्या दिवशी तेही संपलं, कारण मग सगळ्या फाइली एकदम उघड्या पडतात.

आता ऑफिसात कोणीही सांगेल, फ्लॅगला व्होलाटाइल लावा, म्हणजे दर वेळी मेमरीतूनच वाचायची कंपायलरला सक्ती करा. लावा, हँग थांबेल. पण तेवढ्यावर सोडलंत तर पुढचं पत्र येईल की मेसेज कधीकधी अर्धवटच येतो. व्होलाटाइल व्हेरिएबलांचा आपापसातला क्रम कंपायलर पाळतो, साध्या व्हेरिएबलांना तो तसा बांधलेला नाही. तुमचा बफर आणि लांबी दोन्ही साधी. हँडलर चालू असताना मेन हलत नाही, त्यामुळे एका कोरवर लिहिण्याच्या बाजूला काही बिघडत नाही. बिघडतं वाचणाऱ्या बाजूला. लांबी लूपच्या आधीच रजिस्टरमध्ये आणून ठेवायची कंपायलरला मुभा आहे. मग फ्लॅग नवा आणि लांबी मागच्या मेसेजची.

म्हणून सी११चे अ‍ॅटॉमिक वापरा: हँडलरमध्ये रिलीझ स्टोअर (आधीचं सगळं लिहून झाल्यावरच फ्लॅग लिहायचा), मेनमध्ये अ‍ॅक्वायर लोड (फ्लॅग वाचल्यावरच पुढचं वाचायचं). २०११च्या त्या आवृत्तीआधी सी भाषेच्या मानकात थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकत्र चालणारी कामं) हा विषयच नव्हता. भाषेने स्वतः हमी दिल्याशिवाय नुसत्या लायब्ररीच्या भरवशावर थ्रेड सुरक्षित होत नाहीत, हे संगणकशास्त्रज्ञ हान्स बोम यांनी २००५ साली दाखवून दिलं होतं. कंपायलर जुना असेल तर फ्लॅग व्होलाटाइल ठेवून लूपनंतर जीसीसी कंपायलरचा रिकामा असेंब्ली बॅरियर टाका, मेमरी क्लॉबरसकट, म्हणजे ‘मेमरी बदललेली असू शकते’ असं कंपायलरला कळेल. त्यातून एकही इन्स्ट्रक्शन निघत नाही आणि एका कोरला तो पुरतो. उद्या दोन कोरची चिप घेतलीत तर नाही पुरणार. आर्मचं हार्डवेअर स्वतःच क्रम बदलतं, तिथे डीएमबी (मेमरीचा क्रम पाळायला लावणारी इन्स्ट्रक्शन) लागते.

न विचारता एक सांगते. मिलिसेकंद मोजणारा ६४ बिटी काउंटर हँडलर वाढवत असेल, तर तोही तपासा. ३२ बिटी प्रोसेसरवर कंपायलर त्याच्या दोन वेगळ्या एलडीआर करू शकतो. वरचा अर्धा वाचला, मधे टिक (काउंटर वाढवणारा इंटरप्ट) आला, खालचा अर्धा भरून शून्यावर आला, मग तो वाचला: घड्याळ ४९.७ दिवस मागे. खालचा अर्धा भरायलाच तेवढे दिवस लागतात, म्हणजे टेबलावरच्या टेस्टिंगमध्ये हे दिसणं नाही. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर दिसेल. इथे व्होलाटाइलचा काडीचा उपयोग नाही. दोन वाचनांपुरते इंटरप्ट बंद ठेवा.

प्रश्न : मी हिंजवडीत लिनक्स ड्रायव्हरवर काम करते. शेअर्ड मेमरीतली (जिथे समोरची बाजूही लिहू शकते) लांबी लोकल व्हेरिएबलमध्ये घेते, तपासते आणि मगच कॉपी करते. तरी ‘रीड-वन्स (कर्नलचा मॅक्रो) लाव’ म्हणून पॅच रिव्ह्यूतून दोनदा परत आला. लोकल कॉपी पुरत नाही का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : नाही पुरत. रिव्ह्यू करणारा खडूस असेलही, पण बरोबर आहे. रजिस्टर कमी पडली तर तुमची लोकल कॉपी स्टॅकवर जपून ठेवण्याऐवजी कंपायलर मूळ मेमरी पुन्हा वाचू शकतो. तपासताना ६४ होते, कॉपी करताना समोरच्याने ४०९६ करून ठेवलेले. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या झेनच्या पॅराव्हर्च्युअल ड्रायव्हरांत हेच निघालं. डिसेंबर २०१५ची त्यांची १५५ क्रमांकाची सुरक्षा सूचना काढून वाचा, तुमचीच गोष्ट वाटेल.

रीड-वन्स त्या एका वाचनापुरतं व्होलाटाइल लावतं. पूर्वी त्या जागी अ‍ॅक्सेस-वन्स असायचं. ते स्ट्रक्चरवर वापरलं की जीसीसीच्या काही आवृत्त्या व्होलाटाइल गाळून टाकायच्या, म्हणून ३.१९ कर्नलपासून रीड-वन्स आणि राइट-वन्स आले. लिहिणारी बाजूही तुमच्याच ड्रायव्हरात असेल तर तिथे राइट-वन्स लावा. आणि तिसऱ्यांदा पाठवताना कमिट मेसेजमध्ये हे कारण लिहा, नुसतं ‘रिव्ह्यूप्रमाणे बदल’ नको.