अचानक ब्रेक समोरच्याने मारला, मग दोष मागच्याला का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गाडी ताशी ८० ने चालली होती, पुढच्याने काही कारण नसताना करकचून ब्रेक मारला, तुम्हीही लगेच ब्रेक दाबला, तरी गाडी मागून बसलीच. आणि आता जो तो तुम्हालाच दोष देतोय. मधलं अंतर तुम्ही ‘दोन गाड्यांएवढं’ असं लिहिलंय.

मी बरीच वर्षं विम्यासाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी केली आहे, म्हणून स्पष्टच सांगतो. ब्रेक दाबला की नाही, यावर तुमचा निकाल लागणार नाही. तो त्या दोन गाड्यांएवढ्या अंतरावर लागेल.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. मधलं अंतर उदार मनाने १० मीटर धरू. समोरचा लाल दिवा दिसणं, धोका लक्षात येणं, पाय उचलून ब्रेकवर नेणं, यात सावध माणसाचाही सेकंद-दीड सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक लावलेली चांगली कार दीड सेकंदात ताशी ३८ च्या आसपास वेग घालवते. म्हणजे तो ४२ वर आलेला असतो आणि तुम्ही अजून ८० वरच असता. १० मीटरपैकी ८ तेवढ्यात संपलेले असतात. उरलेले २ मीटर संपायला पाव सेकंदही लागत नाही. तुम्ही ब्रेक दाबला होता यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्याचा उपयोग व्हायला रस्ताच उरला नव्हता.

कायदा नेमकं हेच पाहतो. रस्ता वाहतुकीबद्दलच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात मागच्या चालकावर स्पष्ट जबाबदारी आहे : पुढचं वाहन अचानक मंदावलं किंवा थांबलं तरी टक्कर होणार नाही इतकं अंतर ठेवायचं. भारतातल्या १९८९ च्या रस्ता नियमांतला २३ वा नियमही जवळजवळ याच शब्दांत होता. ‘अचानक’ हा शब्द नियमातच आहे, हे लक्षात घ्या. पुढचा अचानक थांबू शकतो हे गृहीत धरूनच अंतर ठेवायचं असतं, त्यामुळे ‘त्याने अचानक ब्रेक मारला’ एवढा बचाव पुरत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. पुढच्या ट्रकने एकाएकी ब्रेक लावला आणि जेमतेम १०-१५ फुटांवरून मागे येणारी कार त्यावर आदळली. एवढं अंतर सुरक्षित म्हणता येत नाही, म्हणून निष्काळजीपणा कारचालकाचा ठरला.

याचा अर्थ मागच्याची चूक शंभर टक्के, नेहमीच, असा मात्र नाही. विनाकारण करकचून ब्रेक मारू नये असाही नियम आहेच. २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गावर इशारा न देता एकदम थांबलेल्या कारचालकावर ५० टक्के जबाबदारी टाकली. मागून धडकून पडलेल्या मोटरसायकलस्वारावर २० टक्के आणि त्याच्या पायावरून गेलेल्या बसवर ३० टक्के. बायको गरोदर होती, तिला उलटीसारखं झालं, हे कारचालकाने दिलेलं कारणही चाललं नाही. पण बघा, त्या निकालातही मागच्याच्या वाट्याला २० टक्के आलेच, आणि त्यात अंतर न ठेवणं हे एक कारण होतं. पुढची गाडी रिव्हर्स आली, तुमच्या पुढ्यात लेन कापून घुसली आणि लगेच थांबली, तिचे ब्रेकचे दिवे बंद होते, किंवा रात्री दिव्यांशिवाय रस्त्यात उभी होती, तर पारडं तिच्याकडे झुकतं. फक्त ते सिद्ध करावं लागतं.

आता अंतर किती ठेवायचं. मीटरमध्ये मोजायला जाऊ नका, चालत्या गाडीतून ते कुणालाच जमत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा सावलीपाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायला लागा. म्हणून होण्याआधीच तुम्ही तिथे पोचलात तर फार जवळ आहात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये कोरड्या रस्त्यासाठी किमान दोन सेकंद आणि ओल्यावर त्याच्या दुप्पट सांगितले आहेत. जर्मनीत वेगाच्या निम्मे मीटर मोजतात, म्हणजे ८० ला ४०. दोन्ही हिशेब जवळपास एकाच ठिकाणी येतात.

मी स्वतः मोकळ्या रस्त्यावर तीन सेकंद धरतो. दोन सेकंदांच्या हिशेबात पुढच्या गाडीलाही थांबायला रस्ता लागेल असं गृहीत असतं. तीच कशावर तरी आदळून जागीच थांबली, तर तुम्हाला थांबायला पूर्ण अंतर लागतं. ८० च्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद प्रतिक्रियेसकट ते ७० मीटरच्या घरात जातं, म्हणजे तीन सेकंदांहून थोडं जास्तच. पुढे ट्रक किंवा बस असेल तर त्यापलीकडचं काहीच दिसत नाही, तिथे आणखी मागे राहा.

‘एवढी जागा सोडली की कुणीतरी मध्ये घुसतंच,’ असं खाली दोघांनी लिहिलंय. घुसतात, खरं आहे. घुसला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि अंतर पुन्हा तयार करा. असा एक जण घुसला की तुमचे फार तर दोन-तीन सेकंद जातात. वीस जण घुसले तरी मिनिटभराच्या वर उशीर व्हायचा नाही, आणि त्यासाठी बंपरला बंपर लावून चालवणं मला तरी पटत नाही. आणि तुमच्या मागेच कुणी चिकटून येत असेल, तर पुढची जागा आणखी वाढवा. म्हणजे तुम्हाला हळू ब्रेक लावता येईल आणि त्यालाही वेळ मिळेल. जमलं तर त्याला पुढे जाऊ द्या. त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नका, कारण तसं केलंत तर दोष तुमच्याकडे यायला वेळ लागत नाही.

तुमच्या मागूनही एक गाडी येऊन धडकली असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. खरं तर ते फार महत्त्वाचं आहे. तुम्ही आधी पुढच्याला धडकलात, की थांबला होतात आणि मागच्याने तुम्हाला पुढे ढकललं? पाहणी करताना पुढच्या गाडीतल्यांना मी पहिला प्रश्न विचारायचो : धक्के किती बसले? एकच बसला असेल तर मधली गाडी बहुधा ढकलली गेलेली असते. दोन बसले असतील तर ती आधी स्वतः धडकलेली असते. नुकसान किती उंचीवर आहे तेही बघतात. जोरात ब्रेक लावलेल्या गाडीचं नाक खाली दबतं, त्यामुळे तिची धडक पुढच्या गाडीच्या बंपरवर जरा खालच्या बाजूला बसते. तुमच्या बॉनेटपेक्षा डिकी जास्त चेपली असेल तर तेही तुमच्या बाजूने बोलतं.

म्हणून गाडी दुरुस्तीला टाकण्याआधी तिन्ही गाड्यांचे पुढून-मागून, उंची कळेल असे फोटो मिळवा. डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड आजच काढून ठेवा, कारण नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं. जबाबात अंतर वाढवून सांगू नका. ठोकरीच्या खुणा आणि फुटेज त्याच्याशी जुळलं नाही, तर मागच्या गाडीबद्दलचा तुमचा खरा मुद्दाही कुणी ऐकून घेणार नाही. पुढच्या गाडीतल्यांचं धक्क्यांबद्दलचं म्हणणं लेखी मिळालं तर ते इथे सांगा, मग पुढे काय करायचं ते बघू.