पेरणीनंतर बांधाला मेलेले होले

प्रश्न : मंगळवेढ्याजवळ काळ्या रानात आमची कोरडवाहू ज्वारी असते. यंदा खोडमाशीसाठी बियाण्याला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चोळून पेरलं. दुसऱ्या दिवशी बांधाकडेला तीन होले आणि एक तितर मेलेले दिसले. आणखी एक होला जिवंत आहे, पण मान टाकलेली. शेजारी म्हणतात बर्ड फ्लू. चुलते म्हणतात तितर ताजा आहे, कालवण करू. काय करावं?

उत्तर : आधी चुलत्यांच्या हातातला तितर काढून घ्या! असा पक्षी माणसानं खायचा नाही, कुत्र्या-मांजरापुढंही टाकायचा नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू आहे की नाही, हे नमुना तपासूनच ठरतं, शेजाऱ्याच्या सांगण्यावर नाही. वनखात्याचा 1926 नंबरही आहे. उघड्या हातानं पाखरं उचलू नका.

तरी माझा संशय बियाण्यावरच आहे. जनावरांचा डॉक्टर म्हणून याच भागात नोकरी केली, तेव्हा पेरणीच्या दिवसांत शेतकरी अशी पाखरं पिशवीत घालून आणायचे. मी पहिलं विचारायचो, सापडली कुठं? बहुतेक वेळा पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, वळवायच्या जागी. वळताना चाड्यातलं, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यातलं, बी सांडतं, मातीआड जात नाही आणि होले-तितर जमिनीवरचंच टिपतात. मक्याच्या औषध लावलेल्या एका दाण्यातही चिमणीएवढं पाखरू मरण्याइतकं विष असू शकतं. ज्वारीचा दाणा बारीक, पण होला एका बैठकीत किती टिपतो ते तुम्ही रोज बघता.

मेलेली पाखरं निदान दिसतात तरी. कॅनडातल्या संशोधकांनी स्थलांतर करणाऱ्या चिमण्यांना इमिडाक्लोप्रिडची अगदी थोडी मात्रा दिली होती. 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले : त्यातल्या जास्त मात्रेच्या पाखरांचं वजन सहा तासांत सुमारे 6 टक्के घटलं, खाणं मंदावलं आणि पुढचा प्रवास साधारण साडेतीन दिवस लांबला. आपल्या भोरड्या (पळसमैना) हजारो किलोमीटरवरून येतात. त्यांना आपण हुरड्याच्या चोर म्हणतो, पण त्या टोळही फस्त करतात, हे कुणी हिशोबात धरत नाही.

फोरेट हे कीटकनाशक, म्हणजे आपलं थिमेट, 2020 च्या अखेरीस बंद झालं. ते याहून जहाल होतं. कुणाच्या कोठीत जुना डबा असेल तर तो वापरू नका.

पुढच्या वेळी वळणावर चाडं आवरा, सांडलेलं बी लगेच खोरं मारून पुरा, पाठोपाठ कुळवाची पाळी द्या. उरलेलं औषध लावलेलं लाल बी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. उगवण होईपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवा.

जिवंत होला हातमोजे घालून किंवा फडक्यात धरून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आजच दवाखान्यात न्या. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, पिशवीवरचं लेबलही दाखवा. फोरेटसारख्या विषावर अॅट्रोपिन देतात, इमिडाक्लोप्रिडवर तो उतारा नाही.