वाचक विचारतात : लुईझियानातल्या बायूंच्या काठाने

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. मार्चअखेर आई-बाबा येताहेत, त्यांना केजन मुलूख, म्हणजे दक्षिण लुईझियानातला फ्रेंच वळणाचा भाग, दाखवायचा आहे. मागे आय-टेन महामार्गाने न्यू ऑर्लिन्सला गेलो, तेव्हा एक लांबलचक पूल सोडला तर काही दिसलंच नाही. कुठला रस्ता घ्यावा? बाबांचे गुडघे दुखतात. हाताशी शनिवार-रविवार आहे.

उत्तर : तो पूल म्हणजे अचाफलाया खोऱ्यावरचा १८ मैलांचा पूल. मोटारींना तिथे ताशी ६० मैलांची मर्यादा आहे आणि मध्येच थांबता येत नाही, त्यामुळे काही न दिसणं साहजिकच.

बायू म्हणजे संथ वाहणारा पाण्याचा फाटा. इथल्या बायूंनी पुराच्या गाळाने स्वतःच्या दोन्ही काठांना उंचवटे घातले आहेत. कोरडी जमीन एवढीच, म्हणून गावं, उसाची शेतं आणि जुने रस्ते सगळे त्यावरच. काठापासून दूर जावं तशी जमीन उतरत जाते आणि दलदल लागते. त्यामुळे गाडीतून दिसतो तो बायू, दलदलीसाठी होडीच हवी. दोन्हींना वेळ काढा.

शुक्रवारी रात्रीच लफायेटला पोहोचा. ह्यूस्टनहून साधारण २१५ मैल, साडेतीन तास. दोन्ही रात्री मुक्काम तिथेच किंवा जवळच्या ब्रो ब्रिजला ठेवा, सामान हलवायला नको.

शनिवारी सकाळी आधी होडी. लेक मार्टिन ब्रो ब्रिजपासून अगदी जवळ आहे. मार्चअखेर बगळे आणि गुलाबी चमचे (चमच्यासारख्या चोचीचे स्पूनबिल पक्षी) घरट्यांवर असतात, पाण्यातल्या सायप्रस झाडांना नवी पालवी असते आणि ऊन असेल तर मगरी ओंडक्यांवर येऊन पडतात. गारठा असला की त्या दिसत नाहीत, मग होडीवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. एअरबोट घेऊ नका. तिच्या पंख्याच्या आवाजाने कानाला मफ लावावे लागतात आणि पाखरं उडून जातात. सपाट तळाची, संथ होडी घ्या. बुकिंग करताना तीन गोष्टी विचारा : छत आहे का, धक्क्यावरून होडीत उतरताना पायरी केवढी आहे, आणि फेरी किती वेळाची. लहान होड्यांत स्वच्छतागृह नसतं आणि दोन तास सहज जातात. मगरींना खायला टाकू नका. माणूस म्हणजे खाणं अशी सवय लागलेली मगर शेवटी मारावी लागते.

दुपारी एल-ए ३१ या राज्य रस्त्याने टेश बायूच्या काठाकाठाने सेंट मार्टिनव्हिल. ब्रिटिशांनी १७५५ पासून नोव्हा स्कोशियातून हाकललेल्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांची (केजन हे त्यांचेच वंशज) हकिकत तिथल्या स्मारकात नीट मांडली आहे. ती आधी बघा, म्हणजे पुढची गावं उलगडतात. चर्च, नदीकाठ आणि लाँगफेलोच्या कवितेतल्या इव्हँजेलिनच्या नावाचा ओक वृक्ष हे सगळं जवळजवळ आहे, बाबांना फार चालावं लागणार नाही.

रविवारी न्यू आयबेरिया आणि एव्हरी आयलंड. नावात बेट असलं तरी ती मिठाच्या घुमटाने वर उचललेली, दलदलीने वेढलेली टेकडी आहे. टबॅस्को या तिखट सॉसचा कारखाना इथलाच, १८६८ पासूनचा. कारखाना धावता बघितला तरी चालेल. शेजारच्या जंगल गार्डन्समध्ये मात्र गाडीतूनच फिरता येतं, बाबांसाठी हे उत्तम. मग एल-ए १८२ ने जेनरेटवरून फ्रँकलिनपर्यंत जा आणि परतताना यूएस ९० हा महामार्ग घ्या. नकाशा-ॲप सारखं तुम्हाला यूएस ९० वरच ढकलेल, कारण तो जलद आहे, पण तो बायूपासून दूर जातो. शेवटचं ठिकाण न टाकता एकेक गाव टाकत जा.

प्रश्न : घरात दोघं पूर्ण शाकाहारी आहेत. केजन भागात खायचं काय?

उत्तर : अवघड आहे, हे आधीच सांगतो. गम्बो या दाट रश्शाचा पाया, म्हणजे रू, पिठाचा आणि तेलाचा, पण रस्सा कोंबडीचा, सॉसेजचा किंवा कोळंबीचा. राजम्यासारख्या लाल बीन्समध्ये बहुधा डुकराचं मांस, हिरव्या शेंगांत बेकन, बुदाँ या सॉसेजमध्ये भाताबरोबर डुकराचं मांस आणि यकृत. "मीट नको" एवढं सांगून भागत नाही. हॅम, बेकन, सॉसेज आणि स्टॉक ही चारही नावं घेऊन विचारा. तळलेली भेंडी मिळते, पण बहुतेकदा मासे तळलेल्याच तेलातली. चालणार नसेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि तांदूळ-डाळ बरोबर ठेवा. मासे खाणाऱ्यांची मात्र चैन. वसंतात उकडलेले क्रॉफिश (गोड्या पाण्यातले छोट्या शेवंडासारखे जीव) पौंडावर मिळतात. एकाला तीन पौंड मागवा. ऐकायला जास्त वाटतं, पण त्यात बरंचसं कवचच असतं.

प्रश्न : ऑक्टोबरात कामासाठी न्यू ऑर्लिन्सला जाणार आहे. एक दिवस मोकळा आहे, भाड्याच्या गाडीने आखातातलं ग्रँड आइल बेट होईल का?

उत्तर : होईल, पण पहाटे निघा. एका बाजूने सुमारे ११० मैल, दोन तासांहून जास्त. लाफुर्श बायूच्या पश्चिम काठाने एल-ए १ आणि पूर्व काठाने एल-ए ३०८ समांतर जातात. जाताना एक, येताना दुसरा घ्या. मधले उचलपूल कोळंबीच्या होड्यांसाठी उघडतात. पाण्यावरच्या वाहतुकीला आधी वाट, म्हणून हॉर्न वाजवून उपयोग नाही. ऑक्टोबरात उसाचा गळीत हंगामही चालू असतो : ट्रॅक्टर-ट्रेलर हळू चालतात आणि रस्त्यावर चिखल पाडतात. पाऊस पडला की तो निसरडा होतो.

गोल्डन मेडोला पेट्रोल भरून घ्या. गावातली वेगमर्यादा काटेकोर पाळा. पुढचा लीव्हिलचा उंच पूल टोलचा आहे. गोल्डन मेडोच्या पुढचा हा भाग पुरसंरक्षक बांधाबाहेर आहे आणि जोराचा दक्षिण वारा सुटला की सखल रस्त्यावर पाणी चढतं. निघण्याआधी ५११ या फोन क्रमांकावर रस्त्याची स्थिती विचारा. वादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो आणि २०२१ च्या आयडा वादळाने याच पट्ट्याची सर्वांत वाईट दशा केली होती. आखातात काही शिजत असेल तर बेत सरळ रद्द करा, कारण गोल्डन मेडोपर्यंत परतीचा रस्ता एकच.

वाटेत गाडीतून न उतरताच डाकरी (बर्फगार मद्यपेय) घेता येईल अशी दुकानं दिसतील. पेला झाकणबंद असेपर्यंत तो गाडीत ठेवायला कायद्याची हरकत नाही. आत स्ट्रॉ घातली की तो उघडा पेला धरला जातो.