फाउंड्रीची नोकरी सोडून एमटेक करावं का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी बेळगावात उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत (धातू ओतून भाग बनवणारा कारखाना) क्वालिटीला आहे, व्हीटीयूतून मेकॅनिकल बीई केलंय, वय 29. घरी आईवडील, बायको आणि लहान मुलगी. काम मनापासून आवडतं, स्पेक्ट्रो मशिनवर केमिस्ट्री (धातूत काय किती आहे ते) बघणं, मायक्रोस्कोपखाली नोड्युलॅरिटी (लोखंडातलं ग्रॅफाइट किती गोल झालंय ते) बघणं वगैरे, पण पुढे जायची वाट दिसत नाहीये. मटेरियल सायन्समध्ये एमटेक करावं असं सारखं डोक्यात येतंय. घरचे म्हणतात हातची नोकरी सोडून आता कसलं शिक्षण. आणि माझं तर मेकॅनिकल, मेटलर्जीवाले घेतील का? शिवाय आम्ही सीमाभागातले, ॲडमिशनला इकडचे धरणार की तिकडचे?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दादा, शेवटच्या शंकेपासून सुरू करते कारण ती लगेच मिटते. आयआयटी, आयआयएस्सीच्या एमटेकला डोमिसाइल बघत नाहीत, ॲडमिशन सगळ्या देशातून होते. फक्त जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला लावणार असाल तर तो केंद्राच्या नमुन्यातला लागतो, तहसीलदार ऑफिसातून आधीच काढून ठेवा, ऐनवेळी फार पळापळ होते.

मेकॅनिकलचंही तसं अडत नाही. मटेरियलची बरीच डिपार्टमेंट मेकॅनिकलवाल्यांना घेतात, गेटचा (एमटेकची प्रवेश परीक्षा) कुठला पेपर चालेल ते प्रत्येकाच्या माहितीपत्रकात बघायचं. मेटलर्जीचा एमटी पेपर आहे, किंवा एक्सई आहे, त्यात गणित सक्तीचं आणि बाकी दोन विभाग आपण निवडायचे, मटेरियल सायन्स त्यातलाच एक. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, आणि स्कोअर 3 वर्षं चालतो, म्हणजे नोकरी करतच परीक्षा द्या, राजीनाम्याचं नंतर बघू.

आता मुद्द्याचं. पगार वाढेल किंवा नावापुढे डिग्री लागेल एवढ्यासाठीच जायचं असेल तर मी नकोच म्हणेन, दोन वर्षांचा पगार बुडतो आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसावं लागलं तर फार जीवाला लागतं. पण तुमच्या पत्रात मला वेगळं दिसलं. एसजी आयर्नमध्ये (गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड) नोड्युलॅरिटी पडली की शॉपवर काय करतात, ग्रॅफाइट गोल करणारं मॅग्नेशियम वाढवतात, बरोबर? मग श्रिंकेज (आकसून पडणाऱ्या पोकळ्या) वाढतं, कार्बाइड (कडक, ठिसूळ कण) येतात आणि एका कारणाचं रिजेक्शन जाऊन दुसऱ्या कारणाचं येतं. मॅग्नेशियम साधारण 1090 डिग्रीलाच उकळतं, आपलं लोखंड 1400 च्या वर, म्हणजे ट्रीटमेंट (मॅग्नेशियम घालणं) झाल्यापासून पोअरिंगपर्यंत जितका उशीर तितकं ते उडून जाणार, मग दोष प्रमाणाचा की वेळेचा की इनॉक्युलेशनचा (ग्रॅफाइट नीट बनावं म्हणून जे घालतात त्याचा)? हा ‘का’ तुम्हाला रात्री घरी गेल्यावरही सोडत नसेल तर जा, नक्की जा, कारण फेज डायग्राम, सॉलिडिफिकेशन, डिफ्युजन हे सगळं तिथे नीट शिकवतात आणि तुम्ही ते हातात कास्टिंग धरून आलेले असाल. कॉलेजातून थेट आलेल्या पोरांकडे हे नसतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. गेटवर ॲडमिशन मिळाली तर महिन्याला 12,400 रुपये मिळतात, त्यात लहान मुलीचं घर चालत नाही, तेव्हा बायकोशी आणि आईवडिलांशी आकडे मांडूनच बोला, दोन वर्षं कशावर काढायची ते ठरू दे. घरच्यांचा विरोध बऱ्याचदा शिक्षणाला नसतोच, पैशाची भीती असते. दुसरा रस्ता म्हणजे स्पॉन्सर्ड सीट, कंपनी पाठवते, तिथे स्टायपेंड नसतो, पगार चालू ठेवायचा का ते मालकाशी बोलून ठरवायचं. आयआयएस्सीत नोकरी न सोडता रिसर्च करायची एक्स्टर्नल रजिस्ट्रेशनची सोय आहे, पण कंपनीकडे स्वतःची रिसर्चची सोय लागते, छोट्या फाउंड्रीला ते जड जातं.

आणि जवळ आहे म्हणून कुठलंही कॉलेज घेऊ नका. एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), एक्सआरडी (एक्स-रेनं धातूची रचना बघणारं) मशिन स्वतः चालवायला मिळतं का, तिथले सर कास्टिंगवर काम करतात का, हे आधी विचारा. सुरतकलचं एनआयटी, आयआयटी मुंबई, मद्रास, पुण्याचं सीओईपी, या सगळीकडे मेटलर्जीचं जुनं डिपार्टमेंट आहे.

तोवर एक काम आजच सुरू करा. प्रत्येक हीटची (भट्टीच्या एका खेपेची) केमिस्ट्री, ट्रीटमेंटची वेळ, पोअरिंगचं टेम्परेचर आणि रिजेक्शन एका वहीत लिहीत चला. इंटरव्ह्यूत याच्याइतकं बोलणारं दुसरं काही नसतं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मेटलर्जीचे कोर्स फुकट बघता येतात, त्यातला एखादा पूर्ण करा, शेवटपर्यंत ओढ टिकली तर फॉर्म भरा.

प्रश्न : ताई, मी खानापूरची, बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला. मलाही मटेरियल सायन्समध्ये जायचंय, बीई नाही म्हणून वाट बंद का?

उत्तर : अजिबात नाही गं. जॅमची प्रवेश परीक्षा दे, ती पण फेब्रुवारीतच असते, त्यावर आयआयटीत एमएस्सी. एमएस्सी फिजिक्सनंतर मटेरियलच्या एमटेकला किंवा थेट पीएचडीला बऱ्याच ठिकाणी घेतात, जेआरएफ (रिसर्चची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, घरी हा आकडा जरूर सांग. सॉलिड स्टेट फिजिक्सचा विषय मात्र आत्तापासून पक्का कर, पुढे सगळं त्याच्यावरच येतं.