भूतबंगल्यातला रांगायचा बोगदा: वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की सांगली-साताऱ्याकडच्या मंडळांची पत्रं सुरू होतात. यंदा बहुतेकांनी एकच विचारलंय: भूतबंगल्यात किंवा गुहेच्या देखाव्यात लोकांना रांगत न्यायचा भाग करावा का, आणि कसा? नाटकाचे सेट आणि जत्रेतले भूतबंगले उभारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे या विषयावर मी जरा सविस्तरच लिहिणार आहे.

आमचं मंडळ यंदा भूतबंगला करतंय. शेवटी तीस फुटांचा रांगत जायचा बोगदा ठेवायचा आहे. उंची-रुंदी किती घ्यावी? (कार्यकर्ता, तासगाव)

तीस फूट विसरा. आठ फूट करा. प्लायचा एक तक्ता आठ बाय चारचा येतो, म्हणजे बाजूला सांधा येत नाही आणि मधे अडकलेल्या माणसाला दोन्हीकडून हात पोचतो. उंची तीन फूट, रुंदीही तीन. यापेक्षा अरुंद केलात तर अंगाने भरलेला माणूस मागे वळू शकत नाही, आणि घाबरलेला माणूस आधी मागेच वळतो.

लांबी वाढवली म्हणजे भीती वाढते असं नाही. रांगायला लागलं की दोन्ही हात गुंततात, मान खाली जाते, पळता येत नाही आणि समोर फक्त पुढच्याच्या टाचा दिसतात. हे पहिल्या चार फुटांतच होतं. पुढे माणूस रुळतो, मग कंटाळतो. शेवटाला काळा पडदा सोडा, बाहेरचा उजेड दिसला नाही की आठ फूटही पुरे वाटतात.

गर्दीचं गणित आधी मांडा. एक माणूस आत शिरायला वीस सेकंद धरा. मिनिटाला तीन, तासाला १८०. संध्याकाळी सात ते दहा चालवलंत तर ५४० माणसं. तुमच्याकडे गौरी विसर्जनानंतर दोन हजारांची रांग लागत असेल तर बाकीचे कुठे उभे राहणार? मांडवातल्या अंधाऱ्या बोळात, मागून रेटा देत. म्हणून बोगदा कधीही एकमेव वाट असता कामा नये, आणि त्याच्या तोंडाशी माणसं साचणार नाहीत अशी मोकळी जागा हवी. मांढरदेवला २५ जानेवारी २००५ ला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० माणसं दगावली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, पुढचे थांबलेले आणि मागचे येतच राहिलेले. आपल्या जिल्ह्यांत ज्यांना लोकांसाठी वाट आखायची आहे त्यांनी तो दिवस डोळ्यांसमोर ठेवूनच आखावी.

बांधणीबद्दल: खाली चार इंच उंच चौकट करून त्यावर जाड प्लाय टाका, भाद्रपदात मांडवात पाणी येतंच. वर जाड जाजम ताणून बसवा आणि चुका (छोटे खिळे) कडेला खालून मारा. वरच्या बाजूने मारलेली एक चूक शंभर गुडघ्यांना लागते. एका बाजूची फळी बाहेरून कडी काढली की उघडेल अशी ठेवा आणि तिथे एक कार्यकर्ता कायम उभा करा. छतावर पोरं चढणार हे गृहीत धरून दीड-दीड फुटावर आडव्या रिपा टाका.

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही भूतबंगला करतो. बोगद्यात एक जण लपून लोकांचे पाय धरणार आहे. कल्पना कशी वाटते? (विद्यार्थी, कराड)

करू नका. रांगणाऱ्याचा पाय धरला की तो लाथ मारतो. त्यात त्याची काही चूक नाही, अंग आपोआप तसं वागतं. लाथ लागते ती तुमच्या मित्राच्या तोंडावर किंवा मागून येणाऱ्या मुलीच्या कपाळावर. समोरून कुणी अंगावर आलं तर माणूस ताडकन उठतो आणि डोकं रिपेवर आपटतं.

बोगद्याच्या आत कुणीही लपायचं नाही. भीती बाहेरून आत पाठवा. प्लायच्या पलीकडे एकाला बसवा आणि रांगणाऱ्याच्या कानाच्या पातळीला नखांनी हळूहळू ओरखडे काढायला सांगा. माणूस सरकला की नखंही त्याच्याबरोबर सरकायची, तो थांबला की थांबायची. स्पीकरचा आवाज लोक ओळखतात, पण आपल्यासोबत चालणारा हा आवाज ओळखता येत नाही. अर्ध्यावर जाजम संपवून रबराची गार चटई लावा, तळहाताला फरक कळला की पोटात गोळा येतोच.

आणि खरा दणका बोगदा संपल्यावर द्या. माणूस बाहेर येतो, उभा राहतो, गुडघे झटकतो, 'सुटलो' म्हणतो. त्याला दोन पावलं टाकू द्या. मग तुमच्या मित्राला पुढे सोडा, हाताच्या अंतरावर, स्पर्श न करता. तिथे पळायला जागा असते, म्हणून भीतीचं हसू होतं.

नातवंडांना घेऊन जत्रेतल्या भूतबंगल्यात गेले होते. शेवटी म्हणे रांगत जा नाहीतर मागे फिरा, पैसे परत नाहीत. माझे गुडघे दुखतात, अंगावर साडी. हे बरोबर आहे का? (आजी, मिरज)

आजी, अजिबात बरोबर नाही. तुमच्यावर अशी वेळ आली याचं मला वाईट वाटतं, कारण हे टाळायला फक्त एक पडदा आणि चार फुटांची बाजूची वाट लागते.

मंडळांनी हे नीट वाचावं. गुडघेदुखी, गरोदरपण, कंबरेचं ऑपरेशन, बंद जागेची धास्ती ही कारणं कुणी चारचौघांत सांगत बसणार नाही. त्यांना विचारूच नका. तिकिटाच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत पाटी लावा: 'आत रांगत जायचा भाग आहे, बाजूने चालत जायची वाटही आहे.' बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही वाटा शेजारी शेजारी दिसू द्या. आणि बाजूच्या वाटेवरही काहीतरी घडू द्या. तिथून गेलेल्याला आपल्याला गाळलं असं वाटता कामा नये. दोन्हीकडे फुगवलेल्या कापडी गाद्यांमधून अंग चोरत उभ्यानेच जायचं, हा प्रकार चांगला चालतो. ज्याला तोही नको त्याच्यासाठी सरळ मोकळा बोळ ठेवा.

साडीचा मुद्दा तर कुणी विचारातच घेत नाही. रांगताना पदर गुडघ्याखाली येतो, मंगळसूत्र लोंबतं, बांगड्या फटीत अडकतात, आणि मागून अनोळखी पुरुष येत असतो. कोण कुणाच्या मागे जाणार हे त्या कुटुंबाला ठरवू द्या, दोन कुटुंबांमध्ये अंतर ठेवा आणि तोंडाशी एक महिला कार्यकर्ती उभी करा.

आम्ही वैष्णोदेवीची गुहा करतोय. बोगद्यात ड्राय आइसचा धूर सोडला तर छान दिसेल ना? (मंडळाचे अध्यक्ष, वाई)

दिसेल छान, पण सोडू नका. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो, आणि रांगणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं. एक किलो ड्राय आइसपासून सुमारे ५०० लिटर वायू होतो. आठ फुटांचा, तीन बाय तीनचा बोगदा सुमारे २,००० लिटरचा. म्हणजे एका किलोत पाव बोगदा भरला. हवेत दहा टक्के कार्बन डायऑक्साइड झाला तरी माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि लहान मूल तर सगळ्यात खाली असतं. धूर हवाच असेल तर फॉग मशीनचा, तोही मोकळ्या दालनात, उभ्याने चालायच्या जागी. जनरेटरही बोगद्याच्या तोंडापासून लांब, त्याचा धूर वाऱ्याने बोगद्याकडे येणार नाही अशा बाजूला ठेवा.

आणखी एक. खऱ्या वैष्णोदेवीलाही गर्दीच्या दिवसांत भाविक नव्या, रुंद बोगद्यांतून जातात, जुनी अरुंद गुहा गर्दी कमी असेल तेव्हाच उघडतात. देवस्थानाने जे केलं ते तुमच्या मांडवात करायला कमीपणा नाही.

आगीसाठी काय काळजी घ्यावी? थर्माकोल आणि फोमशिवाय गुहा दिसतच नाही. (सजावटकार, सातारा)

दिसते. मांजरपाटाला माती आणि खळ लावून खडक करा, पूर्वी नाटकात तसेच करत.

११ मे १९८४ ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर या बागेत 'हाँटेड कॅसल' जळला. जोडलेल्या ट्रेलरांमधला चक्रव्यूह, भिंतींना फोम, पाण्याचे फवारे नाहीत. आठ मुलं-मुली अंधारात वाट न सापडून दगावली. त्यानंतर तिथल्या नियमांत अशा जागांसाठी एक गोष्ट पक्की झाली: धोक्याची घंटा वाजताच गोंधळात टाकणारे आवाज आणि दिवे बंद, आणि वाटेवर लख्ख उजेड. हे तुम्ही एका बटणात करू शकता. सगळा साउंड आणि रंगीत दिवे एका एमसीबीवर (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या बटणावर) घ्या, पांढरे दिवे वेगळ्या लाइनवर बॅटरीसह. ते बटण कुठे आहे हे प्रत्येक कार्यकर्त्याला अंधारात हात लावून दाखवता आलं पाहिजे.

सुती पडद्यांसाठी दहा लिटर गरम पाण्यात एक किलो बोरॅक्स आणि साडेचारशे ग्रॅम बोरिक अॅसिड विरघळवून त्यात कापड भिजवा आणि वाळवा. पॉलिएस्टरवर याचा उपयोग नाही, आणि कापड पावसात भिजलं की पुन्हा करायचं. आधी एक चिंधी मोकळ्या जागी पेटवून बघा: काडी बाजूला केल्यावर ज्वाळा विझली पाहिजे. बोगद्यात फक्त १२ व्होल्टच्या दिव्यांच्या पट्ट्या, अॅडॅप्टर बाहेर. वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवरून घ्या आणि लाइनवर ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारं बटण) बसवा.

किती वर्षांच्या मुलांना सोडावं? (पालक, विटा)

वयापेक्षा मुलाकडे बघा. ज्याला पडद्यापाशीच रडू आलं त्याला आत ढकलू नका, बाप कितीही म्हणाला तरी. बाकीच्यांत मूल पुढे, मोठं माणूस लगेच मागे, म्हणजे मुलाला मागून ओळखीचा आवाज येत राहतो. आणि दर तासाला पाच मिनिटं बोगदा बंद ठेवून जाजम झटका, बॅटरीच्या उजेडात तळहात फिरवून चुका, हेअरपिना, फुटलेल्या बांगड्या काढा. रात्री उशिरा कंटाळा येतो, तेव्हा हे काम हमखास राहून जातं, म्हणून ते एकाच्या नावावर लिहून द्या.