हो, बायकांना जास्त होतो, आणि ते मनाचे खेळ नसतात

तुमच्या आईची अख्खी थायरॉइड काढणार आहेत आणि कॅल्शियम उतरण्याचा त्रास बायकांना जास्त होतो का, असं तुम्ही विचारलंय. हो, होतो. बहुतेक अभ्यासांत तसंच दिसलंय, आणि मी त्यातलीच एक.

माझ्याआधी दोन वर्षं थोरल्या दिरांचं हेच ऑपरेशन झालं होतं. ते तिसऱ्या दिवशी घरी येऊन जेवले, आठवड्यात दुकानात बसले. माझ्या वेळी घरच्यांनी मलाही तेच माप लावलं. दुसऱ्या रात्री ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, मग बोटांच्या टोकांना. सिस्टर म्हणाल्या, घाबरलात तुम्ही, सावकाश श्वास घ्या. सोबतीला जाऊबाई होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांना तर काहीच झालं नव्हतं. तू फार मनाला लावून घेतेस."

पहाटे पोटऱ्यांत गोळे आले. फेरीवर आलेल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला आणि दोन-तीन मिनिटं तसाच ठेवला. माझा हात मनगटात वाकला, अंगठा तळव्याकडे ओढला गेला, बोटं आकडून एकमेकांना चिकटली. मला ती सरळ करता येईनात. कॅल्शियम उतरलं असेल तर पट्ट्याने हात असा आकडतो, तेच ती पाहत होती. रक्त तपासलं तर कॅल्शियम ६.९! साधारण ८.५ च्या खाली गेलं की कमी धरतात. मग शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, हळूहळू, छातीला ईसीजीच्या तारा लावून. मुंग्या थांबल्या तेव्हा मी रडले.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. कॅल्शियम त्याच सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा दुखावला की त्या काही दिवस, कधी काही महिने, गप्प बसतात. बायकांतच जास्त का, याचं एकच एक कारण नाही. पण डी जीवनसत्त्व आधीच कमी असेल तर धोका वाढतो. माझं नंतर तपासलं, ९ निघालं. २० च्या खाली कमतरता मानतात. आधी कुणी पाहिलंच नव्हतं, याचा राग मला अजून आहे.

म्हणून आईंचं डी आणि कॅल्शियम आत्ताच तपासून घ्या, कमी असेल तर भरून काढायला वेळ आहे. ऑपरेशननंतर पॅराथायरॉइड हार्मोन तपासणार का, ते सर्जनना विचारा. घरी आल्यावर थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, नाहीतर ती गोळी नीट शोषली जात नाही. आणि आई मुंग्या म्हणाल्या की लगेच रक्त तपासायला लावा. "आमच्या अमक्याला काही झालं नव्हतं" म्हणणाऱ्याला खोलीबाहेर बसवा. ६.९ चा रिपोर्ट मी जाऊबाईंना दाखवला होता. त्या आजही म्हणतात, तुझा स्वभावच भित्रा.

एक राहिलं. पुरुषांना हे होतच नाही असं नाही, आणि ऑपरेशननंतर गळ्यात रक्त साकळण्याचा धोका उलट पुरुषांना जास्त दिसतो. बाई असो वा पुरुष, गळा फुगायला लागला किंवा श्वास अडकला तर मिनिटभरही थांबू नका. कॅल्शियमचं बहुतेकांचं तात्पुरतंच असतं. माझ्या गोळ्या चार महिन्यांत बंद झाल्या. थोड्या जणांना मात्र कायमच्या घ्याव्या लागतात.